पोरांच्या हातात खरा कचरा द्या

आज संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. माझ्यापुढे एक आई आणि तिची चौथी-पाचवीतली मुलगी. काउंटरवर थर्माकोलची शीट, चमकीच्या डब्या, आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट, कागदी कपांची कोरी गड्डी. विचारलं, "ताई, काय आहे शाळेत?" म्हणे, उद्या 'टाकाऊपासून टिकाऊ' स्पर्धा आहे. मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती. "मावशी, हे पाणी आधी संपवायचंय, मग हिचं पेनस्टँड करायचंय." बाटली रिकामी करण्यासाठीच विकत घेतलेली!

घरी येऊन दोन तास झाले, अजून डोकं शांत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी ते दुकानात मिळतं आणि शाळेच्या टेबलावर बक्षीसही मिळवतं. साधी रिकामी बाटली भंगारवाला आनंदाने नेतो. तिच्यावर रंग, गोंद, चमकी थापली की तो हात लावत नाही. म्हणजे जी वस्तू पुन्हा वापरात आली असती, तिचा आपण पोरांच्या हातून कचरा करून घेतो, आणि वर प्रमाणपत्र देतो. चमकीसुद्धा प्लास्टिकच. झाडलोटीत गटारीत जाते, तिथून नाल्यात, नाल्यातून नदीत. कोण गोळा करणार ती?

माझी आजी अमळनेर तालुक्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. वर्षभराची रद्दी ती गोणीत साठवायची. उन्हाळा लागला की कागद फाडून पिंपात भिजत घालायची, चांगला लिबलिबीत होईपर्यंत. मेथ्या वेगळ्या भिजवून पाट्यावर वाटायच्या, लगद्यात कालवायच्या आणि सगळं उखळात कुटायचं. मेथीने लगदा चिकटतो, आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. मग पालथ्या घागरीवर ओलं फडकं टाकून लगदा थापायचा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, टोपली खडखडीत वाळायची. त्यात बिबडे, कुरडया, लाल मिरच्या राहायच्या. आम्ही नातवंडं कुटायला बसायचो, हात दुखले तरी उठू द्यायची नाही. चकचकीत कागद दिला की बोटांनी चोळून बाजूला टाकायची, "हाऊ भिजत नही." कोणता कागद मुरतो, कोणता नाही, हे मला तिथे कळलं. नंतर पुस्तकात वाचलं ते सगळं त्यावरचं.

मान्य आहे, शिक्षकांच्या मागे शंभर कामं असतात आणि आयांना संध्याकाळी सातला घरी आल्यावर लगदा कुटायला वेळ नाही. बरं. पण मग स्पर्धा तरी कशाला भरवता? एक तास भंगारवाल्या काकांना वर्गात बोलवा. ते बाटलीचं बूड उलटं करून तो त्रिकोणातला आकडा दाखवतील, कुठलं प्लास्टिक घेतात, कुठलं नाही आणि का, ते सांगतील. घंटागाडीवरच्या ताईंना बोलवा, ओला-सुका एकत्र टाकल्यावर त्यांच्या हाताला काय लागतं ते पोरांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. जळगाव एमआयडीसीत जुन्या प्लास्टिकचा दाणा पाडून चटया विणतात. आपल्या पोरांनी त्यातला एक तरी कारखाना पाहिलाय का? ज्या चटईवर बसून ती डबा खातात, ती कशाची झाली हे त्यांना ठाऊक नाही!

आणि आपल्या मातीला हे नवं नाही हो. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांसारख्या चित्रकाराने तिथलं नगर बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभं केलं. त्याच खानदेशात आज हस्तकलेसाठी चमकी विकत आणायची?

त्या आईवर मात्र माझा राग नाही. मघापासून तिचा चेहरा आठवतोय. दमली होती बिचारी, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने पैसे मोजत होती. शाळेने यादी दिली, तिने आणली. तिच्या घरीही एखादी आजी असेल, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेली. तिला कुणी शाळेत बोलावलंय कधी? माझ्या आजीलाही कुणी बोलावलं नाही. अंगणात सगळ्या गल्लीतल्या बाया तिच्याकडे शिकायला यायच्या, पण शाळेच्या लेखी ती अडाणीच राहिली. याचं वाईट वाटतं, खूप वाईट वाटतं.

असो. येत्या रविवारी सकाळी आठला आमच्या अंगणात पोरांना घेऊन या, आजी-आजोबा असतील तर त्यांनाही. येताना घरातलं जुनं वर्तमानपत्र, एखादं फाटकं सुती फडकं आणि पालथं घालायला पातेलं आणा. चकचकीत जाहिरातींचे कागद आणू नका. रद्दी तीन-चार दिवस आधी भिजवावी लागते, म्हणून पहिल्या घाण्याची मी आजच घातली आहे. मेथ्या माझ्याकडच्या. उखळ फक्त एकच आहे, कुणाकडे असेल तर खाली कळवा.