बिब्बा आधी डब्यात ठेवा

परवा रात्री देवगडहून भाचीचा मेसेज आला, ‘मावशी, ह्यां वाचलंस?’ खाली तो गावभर फिरलेला फॉरवर्ड. बाळाच्या अंगावरच्या गाठी आपोआप जातात; तपासणीला सुई लावली की पसरतात; डॉक्टर बीपीचं औषध देऊन बाळाचं हृदय बिघडवतात; त्यापेक्षा बिब्बा-चुना लावा, एकवीस दिवसांत गाठ गळून पडते. तिची लेक तीन महिन्यांची. डाव्या डोळ्याखाली करवंदाएवढा लाल उंचवटा. दाबला की फिका पडतो, बोट काढलं की पुन्हा भरतो.

बिब्ब्यापासूनच सुरुवात करते, कारण तिच्या सासूबाईंनी तो काढूनही ठेवलाय. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. धोबी कपड्यांवर न जाणारी खूण करायला तेच वापरायचे. माझ्या आजीच्या गुडघ्यावर त्याचा काळा चट्टा होता, तो तिच्याबरोबरच गेला. राठ गुडघ्याची ही गत, तर बाळाच्या गालाचं काय होईल? त्यात चुना. डोळ्यात गेला तर बुबुळ भाजेल. आणि प्रत्येक लाल गाठ साधी नसते. क्वचित एखादी टणक, जांभळट, झपाट्याने वाढणारी निघते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स खात सुटते. कासाबाख आणि मेरिट या डॉक्टरांनी 1940 मध्येच हे लिहून ठेवलंय. अशा बाळाच्या कातडीला बिब्ब्याने जखम केली तर रक्त थांबता थांबणार नाही. म्हणे गळून पडते!

‘आपोआप जातात’ हे अर्धं खरं, मान्य. साधा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची अशी लाल गाठ, पहिले काही महिने वाढतो, मग काही वर्षांत ओसरतो. पण डोळ्यापाशी असला तर पापणीवर दाब येतो, नजर अडते, आणि त्या वयात अडलेला डोळा कायमचा आळशी राहू शकतो. तिथे वाट बघत बसायचं नसतं.

बीपीचं औषध? हो, प्रोप्रॅनोलॉल बीपीचंच. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये छापून सांगितलं: ते एका बाळाला हृदयासाठी दिलं, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ मऊ पडली, भडक लाल रंग जांभळट झाला. पुढे रीतसर चाचणी झाली, 2015 मध्ये छापून आली: सहा महिन्यांनी औषधवाल्या गटात 60 टक्के बाळांच्या गाठी पूर्ण किंवा जवळजवळ गेल्या, प्लासिबोवाल्यांत, म्हणजे नुसतं दिसायला सारखं, औषध नसलेलं घेणाऱ्यांत, 4 टक्के. साखर उतरू शकते, म्हणून बाळाला पाजूनच द्यायचं, आणि ते दूध पीत नसेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मात्रा वजनावर ठरते, शेजारणीच्या बाटलीवर नाही.

राहिली सुई. हिमॅन्जिओमाला ती सहसा लागतच नाही. बघून, फार तर रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीने कळतं. शंका असली तरच तपासायला तुकडा काढतात, कारण दगडासारखी टणक पायलोमॅट्रिकोमा (केसांच्या मुळाची साधी गाठ) नुसती कापली की भागतं, आणि जुन्या व्रणासारखा दिसणारा डर्मॅटोफायब्रोसार्कोमा (कातडीचा एक कॅन्सर) आजूबाजूची कातडी धरून काढावा लागतो. नाव न कळता कापणार काय?

फॉरवर्डच्या शेवटी ‘दहा आयांना पाठवा’ आहेच. भाचीने एकीला पाठवलाही होता. तिला रात्रीच फोन करायला लावला.