‘मारायची नाही, फक्त जखमी करायची’ गोळी : एका दाव्याचा प्रतिवाद

इन्सास या भारतीय सेनेच्या रायफलीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी शत्रूला ठार मारण्यासाठी नव्हे, तर केवळ जखमी करण्यासाठी मुद्दाम बनवली गेली, असे त्यात म्हटलेले असते. एक सैनिक मेला तर एकच कमी होतो, पण जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघे लागतात आणि तिघे लढाईतून बाद होतात, हे त्यामागचे गणित. शेवटी आणखी तीन गोष्टी जोडलेल्या असतात : जिनिव्हा कराराने तशी सक्तीच केली आहे, इन्सासच्या आधीच्या एसएलआर रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी लागली की माणूस जागीच संपतो, आणि म्हणूनच आपली सेना पुन्हा ७.६२कडे वळली आहे.

पहिला मुद्दा हेतूचा, आणि तो कागदोपत्री तपासता येतो. १९५२ साली अमेरिकेत दोन अभ्यास झाले. पायदळाच्या रायफलीचा बहुतेक परिणामकारक मारा ३०० यार्डांच्या आतच होतो, असे नॉर्मन हिचमन यांनी दाखवले. शस्त्र आणि दारूगोळा यांचे एकूण वजन तेवढेच ठेवले, तर लहान कॅलिबरची, म्हणजे कमी व्यासाच्या गोळीची, रायफल घेतलेला सैनिक जास्त शत्रू टिपू शकतो, असा हिशेब अ‍ॅबर्डीनच्या लष्करी प्रयोगशाळेत डोनाल्ड हॉल यांनी मांडला. पुढे १९५७ साली अमेरिकी सेनेने हलक्या रायफलीसाठी जी अपेक्षा ठरवली आणि जिच्यातून शस्त्ररचनाकार यूजीन स्टोनर यांची ५.५६ची एआर-१५ रायफल उभी राहिली, तिच्यात गोळीने ५०० यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदावे आणि तिची इजा करण्याची ताकद निदान .३० कार्बाइन या जुन्या हलक्या रायफलीएवढी असावी, अशा अटी होत्या. ज्याला शत्रू फक्त जखमी करायचा आहे, तो हेल्मेट भेदण्याची अट कशासाठी घालेल?

खरे कारण दोन्ही काडतुसे तळहातावर शेजारी शेजारी ठेवली की कळते. एसएलआरचे ७.६२×५१ (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब आणि जवळपास २४ ग्रॅम वजनाचे असते, ५.५६×४५ हे ५७ मिलिमीटर लांब आणि साधारण १२ ग्रॅमचे. शंभर काडतुसांमागे हा फरक सव्वा किलोच्या आसपास जातो, आणि पाठीवर पाणी, शिधा आणि अंथरूण वाहून डोंगर चढणाऱ्या जवानाला त्या सव्वा किलोची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. लहान गोळीचा धक्काही कमी असल्यामुळे लागोपाठ झाडलेल्या गोळ्या नेमावर राहतात. म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या आणि त्यांतल्या अधिक लक्ष्यावर, हा व्यवहार होता. दयाबुद्धी किंवा स्ट्रेचरचे गणित यांचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या गणितातही मोठी खोट आहे. चढाई चालू असताना पुढे निघालेले जवान जखमी सोबत्यासाठी थांबत नाहीत. त्याला उचलण्याचे काम मागून येणाऱ्यांचे असते. शिवाय वीस पावलांवर समोर उभा असलेला शत्रू जखमी झाला तरी त्याचे बोट ट्रिगरवरच असते. त्याने तत्क्षणी गोळीबार थांबवावा एवढीच पायदळाच्या जवानाची गरज असते, आणि ‘फक्त जखमी’ करणारी गोळी त्या क्षणी त्याच्याच जिवावर उठेल.

आता ‘७.६२ म्हणजे जागीच मृत्यू’. इथे ताकदीचे आकडे दिले जातात आणि ते खोटे नाहीत. नाटोच्या ७.६२ची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने, म्हणजे ३,३०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन नळीबाहेर पडते, ५.५६च्या बाबतीत हा आकडा १,७००च्या थोडा वर जातो. लांबच्या पल्ल्यावर, किंवा शत्रू भिंतीच्या नाहीतर झाडाच्या आडोशाला असताना, मोठ्या गोळीचे हे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. मात्र शरीरात काय होते हे केवळ ऊर्जेवर ठरत नाही. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या घेऊन दाखवले, की ५.५६ची जुनी एम-१९३ गोळी सुमारे १२ सेंटिमीटर आत गेल्यावर आडवी फिरते आणि वेग पुरेसा असेल तर तुकडे होऊन पसरते. एके-४७ची, ७.६२ मिलिमीटरचीच, सोव्हिएत गोळी मात्र जवळपास २६ सेंटिमीटर सरळ जाते. म्हणजे दंडातून किंवा मांडीतून ती आडवी होण्यापूर्वीच बाहेर पडलेली असते. जवळच्या अंतरावर या दोघींत धाकटीचीच जखम मोठी होऊ शकते. गोळीची रचना, तिचा वेग आणि ती कुठे लागली, या तीन गोष्टी कॅलिबरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतात.

अफवेत सत्याचा जो कण आहे तो इथेच सापडतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९८० साली नाटोने एसएस-१०९ ही गोळी स्वीकारली. तिच्या टोकाशी पोलादाचा तुकडा आणि मागे शिसे असते, आणि दूरवरचा पोलादी पत्रा भेदणे हा तिच्यामागचा उद्देश होता. वेग उतरला की ही गोळी फुटत नाही आणि सुईसारखी आरपार जाते. नळी आखूड असेल किंवा अंतर वाढले, तर ‘गोळी लागूनही माणूस पडला नाही’ अशी तक्रार येते. १९९३ साली सोमालियात लढलेल्या अमेरिकी सैनिकांनीही ती केली होती. ही तक्रार खरी आहे, पण ती भेदनशक्तीसाठी मोजलेली किंमत आहे. ती गोळीचा हेतू म्हणून सांगणे म्हणजे औषधाचा दुष्परिणाम हाच त्याचा उपयोग होता असे म्हणण्यासारखे आहे.

जिनिव्हाचा मुद्दा लवकर आटोपतो. शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली ती १८९९च्या हेग घोषणेने, आणि तिच्यामागे आपल्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यातील गोळीचे नाव होते. त्या घोषणेत कॅलिबरचा उल्लेख नाही, आणि तिची अट ७.६२लाही तेवढीच लागू आहे. त्याआधीच्या १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेत, शत्रूचे जास्तीत जास्त सैनिक लढण्यास असमर्थ करणे पुरेसे आहे, अशा अर्थाचे वाक्य जरूर आहे, आणि ‘जखमी करा’ची दंतकथा अशाच वाक्याच्या अर्धवट वाचनातून फुगली असावी, असे मला वाटते. त्या घोषणेने बंदी घातली ती ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर.

राहिला ‘सेना ७.६२कडे वळली’ हा मुद्दा. यात दोन वेगळी काडतुसे एकाच आकड्याखाली दडपलेली आहेत. २०१९मध्ये ज्यांचा करार झाला त्या सिग-७१६ रायफली ७.६२×५१च्या आहेत, तर अमेठीजवळ कोरवा येथे बनणारी एके-२०३ ही ७.६२×३९ची. दुसऱ्या काडतुसाची ऊर्जा २,००० ज्यूलच्या आसपास, म्हणजे एसएलआरपेक्षा इन्सासच्याच जवळची. एसएलआरच्या गोळीचा दरारा एके-२०३ला उसना देता येणार नाही. कारगिलमध्ये इन्सासबद्दल ज्या तक्रारी गाजल्या, त्यांत थंडीत तडकणारी मॅगझीन आणि अडकणारी रायफल होती. तो दोष काडतुसाच्या माथी मारता येत नाही. ५.५६ सेनेतून गेलेलीही नाही. खोलीत शिरून पाच-दहा पावलांवर लढण्यासाठी, म्हणजे समोरचा माणूस त्याच क्षणी थांबला पाहिजे अशा प्रसंगासाठी, सेनेने ज्या सव्वाचार लाख कार्बाइनांची, म्हणजे हलक्या, आटोपशीर रायफलींची, मागणी काढली, त्यांच्यासाठी ठरवलेले काडतूस ५.५६×४५ हेच आहे.