शंभर गुणांनी लक्ष्मीपूजनाचं बुकिंग सांभाळलं जात नाही

मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अ‍ॅसिड-३ चाचणीत १०० पैकी १०० न मिळवणारा ब्राउझर काढून टाका. पूर्ण गुण असले की जावास्क्रिप्ट प्रमाणानुसार चालते, बुकिंगच्या तारखा चुकत नाहीत. आयफोनवर क्रोम टाका, अँड्रॉइडसारखंच चालतं.’ तो वाचून भाचीने फायरफॉक्स काढलासुद्धा!

अ‍ॅसिड-३ ही ब्राउझर वेबची प्रमाणं कितपत पाळतो ते गुणांत मोजणारी, २००८ सालची चाचणी. त्या काळी तिने ब्राउझर बनवणाऱ्यांना कामाला लावलं, एवढं मान्य. पुढे प्रमाणंच बदलली, त्यामुळे आज क्रोम, सफारी, फायरफॉक्स यांपैकी कुणालाच तिथे पूर्ण गुण मिळत नाहीत. मग काय, सगळेच काढून टाकायचे?

जावास्क्रिप्ट ही वेबपानांतले फॉर्म वगैरे चालवणारी भाषा. तिची खरी चाचणी म्हणजे टेस्ट२६२. भाषेचं प्रमाण ठरवणारी टीसी३९ समितीच ती सांभाळते. तिच्यातली बहुतेक फाइल दोनदा चालवतात, एकदा साधी आणि एकदा स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांनी. काहींत कोड मुद्दाम चुकीचा असतो, तिथे सिंटॅक्स एरर (भाषेच्या व्याकरणाची चूक) आली तरच पास. तिथेही एखादी चाचणी नापास म्हणजे ब्राउझर टाकाऊ, असं नाही. टेल कॉल (फंक्शनने शेवटी दुसरं फंक्शन बोलावताना मेमरी वाचवायची सोय) २०१५ पासून प्रमाणात आहेत, सफारीने केले, क्रोम-फायरफॉक्सने नाहीत. त्यावाचून कुणाचा बुकिंग फॉर्म अडलेला नाही.

नुकसान करतो तो तारखांचा मुद्दा. ईसीएमए-२६२ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणात, २०२६-११-०८ हा साचा पक्का आहे. ०८/११/२०२६ कसं वाचायचं हे मात्र ब्राउझरवर सोडलंय, त्यामुळे कुठलीही प्रमाण-चाचणी ही चूक पकडणारच नाही. क्रोम आधी महिना वाचतो. ८ नोव्हेंबरचं, लक्ष्मीपूजनाचं बुकिंग ११ ऑगस्टला जाऊन बसतं, भर पावसात, डायव्हिंग बंद असताना. १५/११/२०२६ दिलं तर ‘इनव्हॅलिड डेट’ येतं. म्हणजे १२ तारखेपर्यंतची चूक गुपचूप, १३ पासूनची उघड. पक्क्या साच्यातही नुसती तारीख दिली की ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, पण न्यूयॉर्कहून बुकिंग करणाऱ्याला आदल्या दिवसाची तारीख दिसते.

उपाय ब्राउझर बदलण्यात नाही. फॉर्मच्या कोडमध्ये तिरक्या रेघेवर तारखेचे तीन तुकडे करा आणि जावास्क्रिप्टला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्या. महिने शून्यापासून मोजतात, म्हणून नोव्हेंबरला १०. मग बनलेल्या तारखेचा महिना परत तपासा, कारण ३१ नोव्हेंबर दिलं की मुकाट्याने १ डिसेंबर होतं.

आणि आयफोन: आपल्याकडे त्यावरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच इंजिन (वेबपान चालवणारा गाभा) चालतं. तिथे फॉर्म चालला म्हणजे अँड्रॉइडवर तपासला असं होत नाही. दोन्ही फोन हातात घेऊन ०८/११, १५/११ आणि ३१/११ या तिन्ही तारखा भरून पाहा.