आकडा आवडला नाही की काय होतं?

मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेचे संचालक के. एस. जेम्स यांना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये निलंबित केलं. कारण दिलं नेमणुकांमधल्या अनियमिततेचं. ऑक्टोबरात निलंबन मागे घेतलं, राजीनामा मंजूर केला, विषय संपला.

संपला म्हणजे कागदावर. ही संस्था मंत्रालयाच्याच अखत्यारीतली, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. २०१९ च्या गांधीजयंतीला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. मग २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत निघालं की देशातली १९ टक्के कुटुंबं शौचालय वापरतच नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांमधला अ‍ॅनिमिया (रक्तातल्या हिमोग्लोबिनची कमतरता) चौथ्या फेरीतल्या ५९ वरून ६७ टक्क्यांवर गेला, बायकांमधला ५३ वरून ५७ वर.

सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणीच वगळली. ते काम आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे. कारण असं की बोट टोचून काढलेल्या थेंबापेक्षा शिरेतलं रक्त जास्त भरवशाचं. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे! पण चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत बोटच टोचलं होतं. मग वाढ पद्धतीमुळे झाली असं कसं म्हणायचं? आणि पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना संपली, हे वेगळंच.

मला खरा राग याचाच आहे. संचालकांचं असं झाल्यावर प्रामाणिक शास्त्रीय निर्णयसुद्धा संशयास्पद वाटतो. तो घेणाऱ्या संशोधकाने कितीही जीव तोडून सांगितलं तरी.

बाकी संशोधकांना ‘वरून फोन येतो’ वगैरे फार कमी. फोनची गरजच पडत नाही. पीएचडीच्या प्रस्तावाच्या शीर्षकात ‘अपयश’ लिहिलेलं असतं, गाईड म्हणतात, ‘आव्हाने’ कर. महिना ३७ हजारांच्या फेलोशिपवर घर चालवणारी पोरं मुकाट्याने करतात. आणि ती फेलोशिप तरी कुठे वेळेवर येते? त्यांना भित्रं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचं घरभाडं भरावं. आता संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधानच आहेत, म्हणजे शीर्षकं अजून गोड होणार.

सरकारी पैसा नको असं मी म्हणत नाही. एवढी मोठी सर्वेक्षणं दुसरं कोण करणार? माझं म्हणणं इतकंच की अहवालाची तारीख सर्वेक्षण सुरू होण्याआधी जाहीर करा, आणि संचालकाला हटवायचा अधिकार ज्याच्या कामाचं मोजमाप होतंय त्याच मंत्रालयाकडे ठेवू नका.