पुस्तक आणि चर्च वेगळं
मॉर्मन पंथाचं चर्च सुटलं की त्याचा धर्मग्रंथ असलेल्या मॉर्मनच्या पुस्तकावरची श्रद्धाही सुटते, हे लेखातलं गृहीतक पटलं नाही. पुस्तकाची मूळ सोन्याची पत्रं पाहिल्याची साक्ष देणाऱ्या तीन साक्षीदारांपैकी डेव्हिड व्हिटमर 1838 मध्ये चर्चबाहेर गेले. 1887 च्या पत्रकात त्यांनी पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथच्या नंतरच्या प्रकटीकरणांवर (देवाकडून मिळाल्याचं सांगितलेल्या संदेशांवर) झोड उठवली, पुस्तकाबद्दलची साक्ष मात्र कायम ठेवली.

वेगवेगळ्या चर्चच्या प्रती घेऊन घरी मिळून वाचणाऱ्यांचा खरा घोळ होतो तो क्रमांकांत. 1830 च्या पहिल्या आवृत्तीत वचनांना क्रमांकच नव्हते. सॉल्ट लेकच्या मुख्य मॉर्मन चर्चच्या प्रतीत ‘अल्मा’ या भागाचे 63 अध्याय, कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या त्याच परंपरेतल्या दुसऱ्या चर्चच्या प्रतीत 30. त्यामुळे श्रद्धेला बीजाची उपमा देणारा ‘अल्मा 32’ दुसऱ्याला सापडतच नाही. त्याच्याकडे तो 16 व्या अध्यायात असतो! ‘मोरोनी’ या भागाचे अध्याय सुदैवाने दोन्हींत 10च. प्रभुभोजनातल्या भाकरी-द्राक्षारसाच्या प्रार्थना त्याच्या चौथ्या-पाचव्यात.