ब्रह्मगिरी ज्वालामुखीचं तोंड नाही

एका लेखात नाशिकजवळच्या ब्रह्मगिरी-अंजनेरी या डोंगरांना ‘विझलेले ज्वालामुखी’ म्हटलंय, ते चूक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून येऊन थरावर थर पसरला. आजूबाजूचं झिजलं, उरले ते हे डोंगर. कडे उभे का, हे थरांत दिसतं. घट्ट बेसॉल्टला (थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ) उभ्या भेगा असतात, त्याखाली सच्छिद्र किंवा तांबड्या मातकट थराची पट्टी. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं, पट्टीशी अडतं, तिथूनच पाझरतं. (डोंगरातले बरेच झरे असेच.) मऊ पट्टी आधी झिजते, वरचा कातळ अधांतरी होतो आणि भेगेवर सुटून अख्खा ठोकळा खाली येतो. कडा उभाच राहतो, फक्त मागे सरकतो. पायथ्याला दगडांचा खच.