‘कर्नाक’वरच्या त्या कमेंटला उत्तर (लांबलंय, नाइलाज आहे)

मागच्या आठवड्यातल्या कर्नाक बंदरच्या लेखावर एका वाचकांनी रात्री पावणेदोन वाजता भलीमोठी कमेंट टाकलीय. खालच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं लिहितोय.

लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईतल्या कर्नाक पुलाला ज्याचं नाव होतं तो गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कार्नाक (१८३९ ते १८४१), त्याचं आडनाव आणि फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं, उभ्या दगडांच्या रांगांसाठी जगभर माहीत असलेलं कार्नाक गाव, या दोन्हींचं मूळ एकच, केल्टिक भाषांमधला (वेल्श, कॉर्निश, गेलिक वगैरे) ‘कार्न’, म्हणजे दगडांची रास, असं मी म्हटलं होतं.

यावर वाचकमहाशयांचे आक्षेप चार. पहिला, ते दगड केल्ट लोकांनी उभारलेले नाहीत. दुसरा, हे कार्नाक घराणं ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून इंग्लंडात पळालेल्या प्रोटेस्टंटांपैकी, आणि ती मंडळी बरीचशी दक्षिण फ्रान्सची, तिकडेही एक कार्नाक आहे. तिसरा, रिव्हेट मंडळींना हे आडनाव मृत्युपत्रातून मिळालं, रक्ताने नाही. आणि चौथा जसाच्या तसा देतो: "हा सगळा नुसता उच्चाराचा खेळ आहे, व्हॅटिकन म्हणजे वाटिका म्हणणाऱ्यांच्या पंगतीत लेखकाने खुशाल पान मांडून बसावं."

पहिला आक्षेप मान्य. हात जोडून मान्य. मी ‘केल्टांचे दगड’ असं लिहून गेलो होतो, ते चुकलं. ते दगड उभे राहिले तेव्हा केल्टिक भाषा तिथे पोचायला अजून काही हजार वर्षं होती, नाव नंतरच्या लोकांनी ठेवलं. लेखात दुरुस्ती केलीय, बघून घ्या.

आता पंगतीकडे येऊ.

मी अकरा वर्षं ब्लॉग लिहितोय, मला शिव्या नव्या नाहीत, पण वाटिकावाल्यांच्या पंगतीत मला आजवर कोणी बसवलं नव्हतं. अहो, ते लोक काय करतात? दोन शब्द कानाला सारखे लागले की झालं, टाळी. उच्चाराचाच खेळ खेळायचा असता तर इजिप्तचं कर्नाक मी सोडलं असतं का? एवढं मोठं देऊळ, नाव अक्षरशः तेच! पण ते नाव अरबीतून आलेलं, ब्रिटनीशी त्याचा संबंध शून्य, हे मी त्याच लेखात चौथ्या परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत पोचलात का, एवढंच विचारतो. राग नाही.

‘कार्न’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे आवाज, अर्थ आणि जमिनीवरची वस्तू, तिन्ही एकाच जागी सापडतात. वेल्श भाषेत कार्न म्हणजे दगडांची रास, कॉर्निशमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलच्या भाषेत, कार्न म्हणजे खडकांचा ढीग, स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही तोच शब्द, आणि तिथूनच तो इंग्रजीत ‘केर्न’ होऊन गेला. ट्रेकवाले वाट चुकू नये म्हणून दगडावर दगड रचतात ना, तेच ते. कॉर्नवॉलमध्ये कार्न ब्रे नावाची टेकडी आहे, माथ्यावर खडकच खडक. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म, म्हणजे निळी रास. आणि कार्नाकमध्ये तर दगड तीन हजारांवर आहेत, आता तिथल्या माणसांनी गावाला दुसरं काय नाव द्यायचं होतं? शेवटचा ‘आक’ हा गॉलिश, म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या केल्टिक भाषेतला प्रत्यय, अमक्याची जागा, तमक्याचं ठिकाण अशा अर्थाचा. ज्या कोन्याकची बाटली आपल्याकडे ड्यूटी-फ्रीमधून येते तो ‘आक’ही हाच.

आणि गावाचं नाव आडनावात जाणं ही काय माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना आहे? कॉर्नवॉलमध्ये जुनी म्हणच आहे की ट्रे, पोल आणि पेन यावरून कॉर्निश माणूस ओळखावा. ट्रे म्हणजे वाडी, पोल म्हणजे डबकं किंवा तळं, पेन म्हणजे डोकं, टोक. २०२० साली नोबेल मिळालेले रॉजर पेनरोज घ्या, पेनरोज हे आधी गावाचं नाव, माळाचं टोक. डग्लस म्हणजे काळा ओढा, तो आधी गावाचं नाव झाला, मग घराण्याचं. मरे हे स्कॉटलंडच्या मोरे प्रांतावरून, समुद्राकाठची वस्ती. (हो, मोरे. नाही, आपल्या मोऱ्यांशी संबंध नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या पुन्हा पंगत.)

बरं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागावं याचंच मला आश्चर्य वाटतं. आम्ही नेरूरकर. कुडाळजवळचं नेरूर. आमचा खापरपणजोबा तिथून निघाला, आमच्याकडे सातबारा नाही, घर नाही, कागदाचा कपटा नाही, आहे ते फक्त आडनाव आणि कलेश्वराच्या देवळात गेलं की आई जे डोळे मिटून पुटपुटायची तेवढंच. मग काय मी नेरूरचा नाही? हाही उच्चाराचा खेळ?

आणि उच्चार कसा झिजतो हे मला तरी शिकवू नका हो. माझे वडील एकतीस वर्षं कर्नाक बंदरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायचे. मस्जिद स्टेशनला उतरून हातगाड्या चुकवत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. ते गेल्यावर कपाटात जुन्या बिल्ट्यांचा गठ्ठा सापडला, त्यातली एक आत्ता समोर आहे. वर छापील ‘कर्नाक’, जांभळ्या शाईच्या रबरी शिक्क्यात ‘कारनाक’, आणि खाली वडलांच्या तिरक्या अक्षरात ‘करनाक बंदर’. एका कागदावर तीन नावं आणि माल मात्र बरोबर पोचायचा. तुमच्याकडे पदवी असेल भाषाशास्त्राची, मला ठाऊक नाही, तुम्ही नाव पण लिहिलेलं नाही.

बाकीचे दोन मुद्दे किरकोळ आहेत. दक्षिणेतही कार्नाक आहे? असू दे की. तिथेही तोच गॉलिश ‘आक’ आहे, म्हणजे प्रत्यय तरी फिरून केल्टिकच झाला. कुठल्या कार्नाकातून कोण निघालं याचा जन्मदाखला मी कधी दाखवतो म्हटलं नव्हतं.

मृत्युपत्राचं म्हणाल तर ते खरंच आहे, जनरल जॉन कार्नाक १८०० साली वारला आणि त्याच्या मृत्युपत्रामुळे मेहुण्याने, जेम्स रिव्हेटने, आडनाव घेतलं. त्या रिव्हेटचा मुलगा आपला गव्हर्नर. पण आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं तेव्हा ते नवं आडनाव काय बिनगावाचं होतं? आणि हा जनरल कोण, तर जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांपुढे ज्या इंग्रज फौजेने गुडघे टेकले तिच्याबरोबरच्या कमिटीतला. नंतर कंपनीने त्याला नोकरीतून काढला. हे मी लेखात लिहिलं होतं, त्यावर कमेंटमध्ये एक अक्षर नाही.

जुनापाणीवरही नाही, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लागलं. याच घराण्यातला जे. एच. रिव्हेट-कार्नाक नागपुरात कापसाचा कमिशनर होता, आणि काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं त्याने खणून १८७९ साली त्यावर लिहिलं. ज्याच्या आडनावातच, माझ्या मते, दगडांची रास तो माणूस विदर्भात दगडांची वर्तुळं उकरत बसतो! या दगडांचा ब्रिटनीच्या दगडांशी संबंध नाही, काळही वेगळा, विदर्भातले बरेच अलीकडचे, लोहयुगातले. मी डिसेंबरात तिथे गेलो होतो. काळ्या दगडावर बोटाचं टोक मावेल एवढे खळगे ओळीने पाडलेत, उन्हात तापलेले, एकेकात बोट घालून बघितलं. त्याने हेच खळगे टिपून ठेवले होते आणि युरोपातल्या तसल्याच खळग्यांशी ताडून पाहिले होते. लेखाचा निम्मा भाग यावर होता हो. तुम्हाला दिसली फक्त वाटिका.

जाता जाता एक. कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरात पाडला आणि जुलै २०२५ मध्ये नवा सुरू झाला तो ‘सिंदूर’ नावाने. त्याच महिन्यात ब्रिटनीचे कार्नाकचे दगड युनेस्कोच्या यादीत गेले, आपले बारा किल्ले गेले त्याच बैठकीत. हा योगायोग आहे असं मी स्वतःच लिहून ठेवतो, म्हणजे तुमची एक कमेंट वाचली.

‘केल्टांचे दगड’ बदललंय. जुनापाणीचे फोटो रविवारी टाकतो. त्यावर जरूर लिहा, पण नाव घालून, आणि जमल्यास दिवसा.